कोटेशनमामा

बेंगळुरूत पीण्या सेकंड स्टेजला आमच्या शेडच्या भिंतीला भिंत लावून मामांची शेड आहे. दोन सीएनसी, एक व्हीएमसी, एचएमटीचा एक म्हातारा लेथ आणि लेथच्या वर खिळ्याला टांगलेली अंबाबाई. मामांचं खरं नाव जीएसटीच्या सर्टिफिकेटवर आहे, पण ते वाचायचं तर समोरचा चलनांचा ढीग बाजूला सारावा लागतो, आणि तो ढीग सारायची परवानगी कुणालाच नाही. सगळी गल्ली त्यांना कोटेशनमामा म्हणते. कन्नड शेजारीही म्हणतात, तामिळ फोरमनही म्हणतो.

मामा वस्तू बघत नाहीत, वस्तूचा रेट काढतात. दर्शिनीत डोसा आला की आधी चमच्याची मागची बाजू डोशावर टेकवून जाडी अजमावतात. गेल्या वर्षी एका लग्नात नवरदेव पाया पडायला वाकला, तर मामा त्याच्या शेरवानीची शिवण चिमटीत धरून म्हणाले, "मटेरियल बरं आहे, लेबर जास्ती लावलंय." आशीर्वाद नंतर दिला.

जन्म कोल्हापुरातल्या शिवाजी पेठेतला. पेठेतल्या पोराला बापाच्या आधी तालमीचं नाव सांगता आलं पाहिजे, अशी तिथली रीत. शाहू स्टेडियमवर दुपारी चारची फुटबॉल मॅच, पायरीला पाठ तापलेली, समोर दुसऱ्या पेठेचं पब्लिक आणि खिशात तिकिटापुरते पैसे. तेही नसले तर झाड होतंच. पुढं शिरोलीच्या फाउंड्रीत नोकरी, मग कास्टिंगच्या मागोमाग मशिनिंगसाठी पीण्या. पीण्यात पस्तीस वर्षं झाली, तरी राग आला की पेठ बाहेर येते.

मामांचा राग फुटबॉलच्या तिकिटावर आहे. बेंगळुरू एफसी २०१३ साली निघाली आणि पहिल्याच हंगामात आय-लीग जिंकली, तेव्हापासून मामा तिचे झाले. २०१४च्या मार्चमध्ये मेट्रो पीण्या इंडस्ट्रीपर्यंत आली. त्याच वर्षी क्लब कांतीरवा स्टेडियमवर खेळायला आला. मामांच्या मते हा योगायोग नव्हता. तेव्हापासून प्रत्येक सामन्याच्या आदल्या दिवशी ते वही उघडतात, पेन्सिल जिभेला लावतात आणि तिकीट महाग आहे हे सिद्ध करायला बसतात.

यात अडचण अशी की ते सिद्ध होत नाही. गॅलरीतलं साधं तिकीट व्हीएमसीच्या एका तासाच्या रेटात साधारण बसतं, आणि सामना दीड तासाचा. म्हणजे स्वस्तच. हा हिशेब पहिल्यांदा निघाला तेव्हा मामांचा चेहरा मालाचं पेमेंट वेळेवर आल्यासारखा झाला होता. विश्वासच बसेना. मग त्यांनी सायकल टाइम काढला. नव्वद मिनिटं कागदावर. चेंडू बाहेर गेला, थ्रो-इन, गोलकीपरची ओळीवरची पूजा, पायाला न लागताही पाय धरून पडलेला माणूस, हे सगळं मामा 'आयडल टाइम' म्हणून वजा करतात. "स्पिंडल फिरतोय तेवढाच रेट द्यायचा. फिरतो किती? तास पण न्हाई." अशा रीतीनं तिकीट बरोबरीला आलं. मामांना हुरूप आला. उरलेलं बुकिंगच्या ॲपनं केलं.

"कन्व्हिनियन्स फी! मोबाइल माझा, नेट माझं, अंगठा माझा. कन्व्हिनियन्स कुणाची झाली सांग मला."

मी गप्प बसलो. यावर मलाही उत्तर सापडलेलं नाही.

जगात कुठंही तिकिटावरून भांडण झालं की मामांना ते पाठ असतं, फक्त ते आमच्या गल्लीच्या भाषेत सांगतात. २०१६च्या फेब्रुवारीत लिव्हरपूलच्या मालकांनी काही जागांचं तिकीट ७७ पौंड करायचं ठरवलं, तेव्हा तिथले हजारो प्रेक्षक चालू सामन्यातून बरोबर ७७व्या मिनिटाला उठून गेले. तोवर लिव्हरपूल दोन गोलांनी पुढं होतं. पब्लिक गेलं आणि सामना २-२ झाला. चार दिवसांत मालकांनी ती वाढ मागं घेतली. "बघितलंस? रेट वाढवला की रिजेक्शन येतं," इति मामा. २०२६च्या वर्ल्ड कपचे भाव मागणीप्रमाणं चढते-उतरते ठेवणार आणि आकडा ६० डॉलरपासून ६,७३० डॉलरपर्यंत जाणार, हे वाचलं त्या दिवशी त्यांनी दुपारचा डबा अर्धा ठेवला. "गिऱ्हाइकाची गरज बघून भाव चढवायचा, त्याला तिकडं डायनॅमिक म्हणत्यात व्हय? आमच्याकडं अडवणूक म्हणत्यात." आणि १३ डिसेंबर २०२५ला कोलकात्यात मेस्सी वीसेक मिनिटांत सॉल्ट लेक स्टेडियमवरून निघून गेला, हजारो रुपये मोजून आलेल्या लोकांनी खुर्च्या उपटून मैदानात फेकल्या, तेव्हा मामा एकच शब्द बोलले. "शॉर्ट सप्लाय."

सरकारवर मात्र त्यांचा अर्धा लोभ आहे. मान्यताप्राप्त क्रीडा सामन्याचं तिकीट ५०० रुपयांपर्यंत असेल तर जीएसटी नाही, त्यावर गेलं की १८ टक्के, आणि २०२५च्या सप्टेंबरपासून आयपीएलला ४० टक्के. "म्हणजे सामान्य माणूस पाचशे रुपयांला संपतो, हे दिल्लीला पण ठाऊक हाय," असं म्हणून ते क्रिकेटवाल्या शेजाऱ्याकडं समाधानानं बघतात.

मी एकदा धाडस करून विचारलं, "मामा, भाव हेच कारण असतं तर २०१८च्या जूनमध्ये मुंबईत काय झालं?" तैवानविरुद्ध भारतानं पाच गोल मारले आणि बघायला माणसं २,५६९. सुनील छेत्रीनं व्हिडिओवर हात जोडले, आम्हाला शिव्या द्या पण स्टेडियमवर या म्हणाला, आणि पुढच्या केनियाच्या सामन्याची, म्हणजे त्याच्या शंभराव्या सामन्याची, तिकिटं संपून गेली. तिकीट स्वस्त केल्यामुळं माणसं आली नव्हती. बोलावल्यामुळं आली होती.

मामा बराच वेळ पेन्सिल फिरवत राहिले. मग म्हणाले, "बोलावणं हा मार्केटिंगचा खर्च. वेगळ्या हेडला टाकायचा."

माझं मत विचाराल तर आपल्याकडं फुटबॉलचं तिकीट महाग नाही. महाग आहे ती संध्याकाळ. हे मला मामांमुळं कळलं, पण मामांना उशिरा कळलं.

त्यांच्या सीएनसीवर आसामातला कोक्राझारचा एक पोरगा आहे. रविवारी जालहळ्ळीच्या मैदानावर असा खेळतो की मामा सायकल टाइम मोजायचं विसरतात. त्याला छेत्रीचे गोल तारखेनिशी पाठ. २०१९च्या फायनलला राहुल भेकेनं गोव्याविरुद्ध ११७व्या मिनिटाला कॉर्नरवर डोकं घालून आयएसएलचा कप आणला, ते तो हातातला व्हर्नियर खाली ठेवून करून दाखवतो. (गोल मुंबईच्या मराठी पोरानं मारला, हे मामा दर वेळी मध्येच घालतात.) असा हा पोरगा दोन वर्षांत कांतीरवावर एकदाही गेला नव्हता. मामांनी वही उघडली. "तिकीट म्हाग वाटतंय न्हवं? सांग. लिहितो."

पोरगा म्हणाला, तिकीट परवडतं. सामना साडेसातला असतो आणि त्याची सेकंड शिफ्ट दोन ते दहा.

मामांनी लिहायला घेतलं. तिकीट. ॲपची फी. मेट्रो, मॅजेस्टिकला बदलून कब्बन पार्क, जाऊन येऊन. फेब्रुवारी २०२५मध्ये वरचं भाडं साठावरून नव्वदवर गेलं तेव्हापासून या ओळीवर मामा पेन्सिल दाबून लिहितात. मग अर्ध्या दिवसाचा पगार. मग हजेरी बोनस, कारण महिन्यात एक खाडा झाला की तो कटतो. बेरीज तिकिटाच्या कितीतरी पट झाली. एवढा मोठा आकडा इतक्या वर्षांत पहिल्यांदाच हाताशी आल्यामुळं मामा खूष झाले. "बघ! कोण लुटतंय बघ गरिबाला! हा हजेरी बोनस कापणारा कोण?"

पोरगा काही बोलला नाही. भिंतीवर शिफ्टचा तक्ता होता, त्याखाली मामांचीच सही होती.

पुढच्या बुधवारी सामना होता. दुपारी दोनला मामा स्वतः सीएनसीवर उभे राहिले. अठ्ठावन्नाव्या वर्षी, चष्मा कपाळावर ठेवून. मी म्हणालो, "मामा, प्रोग्रॅम बघून घ्या." ते म्हणाले, "मला शिकवतोस व्हय?" साडेसातला त्यांनी मोबाइल कूलंटच्या टाकीवर टेकवून सामना लावला. आठच्या सुमारास टूल ऑफसेटमध्ये मायनसच्या जागी प्लस पडलं. बारा पिसांचा बोर मोठा झाला. बोर लहान राहिला तर पुन्हा फिरवता येतो. मोठा झाला की भंगार.

पोरगा रात्री अकराच्या आत पीण्या इंडस्ट्री स्टेशनवर उतरला आणि थेट शेडवर आला, गळ्यात निळा स्कार्फ. सामना शून्य-शून्य सुटला होता. मामांनी विचारलं, "किती पडलं सगळं मिळून?" त्यानं आकडा सांगितला. मामांनी त्याखाली बारा पिसांचं मटेरियल आणि लेबर लिहून बेरीज केली, दोनदा तपासली.

"लई म्हाग हाय रं," ते म्हणाले. "पुढची होम मॅच कधी?"