यांना सांगा जरा!

नवऱ्याची अँजिओप्लास्टी झाली की मराठी घरातून ‘हृदय’ हा शब्द हद्दपार होतो. त्याच्या जागी मीठ, जिना आणि लोणचं येतं.

“आज जिन्याने आलात का हो?” म्हणजे धाप लागली का? “लिफ्ट बंद होती,” म्हणजे लागली, दुसऱ्या मजल्यावर जरा टेकलो होतो. एवढ्यावर दोघांचं भागतं. दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ, हे जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं बायकोने मनावर घेतलेलं असतं, म्हणून लोणच्याची बरणी वरच्या फळीवर जाते. रात्री स्वयंपाकघरात खुडबुड होते. सकाळी ती बरणीचं नावही काढत नाही. “ते स्टूल डगमगतं, जपून चढत जा.” तो म्हणतो, “बल्ब बघत होतो.” शर्ट धुवायला टाकण्याआधी ती खिसा चाचपते, सॉर्बिट्रेटच्या गोळ्यांची पट्टी काढते आणि धुतलेल्या शर्टाच्या खिशात न बोलता सरकवते.

खरी तोंडं उघडतात ती डॉक्टरांच्या केबिनमध्ये. “डॉक्टर, यांना सांगा जरा!” शेजारच्याच खुर्चीतला नवरा एकदम परका होतो. “हिलाच विचारा, टेन्शन कोण देतं!” डॉक्टर बिचारे ईसीजीत डोकं घालून बसतात.

पंचाईत होते ती बायकोचं हृदय कुरकुरलं की. बायकांमध्ये छातीत कळ येण्याऐवजी किंवा तिच्या जोडीला धाप, मळमळ, पाठ-जबडा दुखणं, विलक्षण थकवा अशी लक्षणं पुष्कळदा दिसतात. ती म्हणते, “पित्त झालंय, बाकी काही नाही.” आणि तो ‘बाकी काही नाही’वर विश्वास ठेवून पेपर उघडतो. आडून विचारायची कला आजवर तिनेच सांभाळलेली. तिचा खिसा कोण चाचपणार? तिच्या साडीला तर खिसाही नसतो.

मीठ-लोणच्याचं आडून चालू द्यावं. त्यात माया आहे, करमणूकही आहे. पण “अहो, उठा, छातीवर दडपण आलंय,” किंवा “अगं, नेहमीचा गॅस नाही हा,” हे मात्र सरळ बोलावं, मध्यरात्र असली तरी. फोन आधी १०८ला, पुण्याच्या लेकीला नंतर. आणि १०८वर एकानेच बोलावं; तिथे तरी “यांना सांगा जरा” नको.