कुणाला सांगू नका हं!

अहो वहिनी, ऐकलंत का? त्या मुंबईच्या गोदीतल्या स्फोटाचं हो. व्हिक्टोरिया डॉक, 1944 चं. आता साल जुनं झालं म्हणून काय बातमी शिळी होते? आमच्या आजेसासूबाई तर शेवटपर्यंत आधी दाराकडे बघायच्या, मग "कुणाला सांगू नकोस हं" म्हणायच्या आणि मगच बोलायला लागायच्या. इंग्रज जाऊन इतकी वर्षं झाली तरी!

साहेबानं बंदराचा बंदोबस्त केवढा केलेला, ते तुम्हाला ठाऊकच आहे. पहिल्या लढाईत, 1914 च्या सप्टेंबरात, ती जर्मन लढाऊ बोट एम्डेन मद्रासला येऊन तेलाच्या टाक्या पेटवून पसार झाली ना, तेव्हापासून त्याच्या पोटात गोळाच. मुंबईत मिडल ग्राउंड काय, ऑयस्टर रॉक काय, खडकाखडकावर तोफा. घारापुरीच्या डोंगरावरच्या तर तुम्ही पाहिल्यातच, तुमचा धाकटा चढून बसला होता की त्यावर आणि तो गार्ड कसा... असो. सगळ्यांची तोंडं समुद्राकडे, हे लक्षात ठेवा. 1942 च्या एप्रिलात जपान्यांनी कोलंबोवर आणि विशाखापट्टणमवर बाँब टाकले, तेव्हा तर चाळीचाळीतून ट्रंका बाहेर निघाल्या. ज्याला गाव होतं तो गावाला.

आणि सेन्सॉर! पत्र फोडायचं, वाचायचं, कडेला चिठ्ठी डकवून पुन्हा बंद करायचं. लाजबीज काही नाही, वर छापलेलंच असायचं, एक्झामिनरनं उघडलंय म्हणून. दौंडला आणि खडकीला बिनतारी स्टेशनं होती ना, 1927 पासून थेट विलायतेशी बोलणारी, त्यामुळे तार असो की वायरलेस, जाणाऱ्या शब्दावर साहेबाचा कान. बोटीचं नाव लिहिलंत? काट. कुठून आली, कुठे चालली? काट. एवढं करूनही 1942 च्या ऑगस्टपासून उषाताई मेहतांनी त्याच मुंबईतून काँग्रेस रेडिओ चालवला, आज या घरात तर उद्या त्या. नोव्हेंबरात पकडलं तेव्हा कुठे साहेबाचा जीव खाली आला.

गोव्याचं तर विचारूच नका. पोर्तुगीज राज्य, म्हणजे लढाईत नाही. म्हणून मुरगावला जर्मनांच्या तीन बोटी आणि इटलीची एक आसऱ्याला. त्यातली ती एरनफेल्स म्हणे चोरून रेडिओवरून आपल्या पाणबुड्यांना निरोप द्यायची, कुठली बोट कधी निघाली ते. साहेबाला उघड हल्ला करायची सोय नाही. मग काय केलं असेल? कलकत्त्याचे पोट सुटलेले बॉक्सवाले, व्यापारीबिपारी, कलकत्ता लाइट हॉर्स म्हणायचे त्यांना, त्यांना एका जुन्या बार्जवर घालून पाठवलं! मार्च 1943. खलाशी बोटीवर राहू नयेत म्हणून त्या रात्री गावात मेजवानी आणि... बाकीचं पोरांसमोर नको. चारही बोटी बुडाल्या. आणि त्या मंडळींना ना पदक ना शाबासकी, वर तोंडाला कुलूप. 1978 ला पुस्तक आलं तेव्हा जगाला कळलं, मग तो ग्रेगरी पेकचा सिनेमा. स्वतःच्या पराक्रमाबद्दल इतकी वर्षं गप्प? मला तर दुपारपर्यंत जमलं नसतं.

तर काय सांगत होते... हां, गोदी. फोर्ट स्टिकीन नावाची बोट. विलायतेहून निघाली ती पोटात सुमारे 1400 टन दारूगोळा घेऊन. सुरुंग, पाणतीर, सगळं. शिवाय सुटी केलेली विमानं आणि पेट्यांतून सोन्याच्या विटा. कराचीला तिच्यात 8,700 कापसाच्या गासड्या भरल्या, वर तेलाची पिंपं, लाकूड आणि माशांचं खत! कप्तानानं तेल बघून कुरकुर केली म्हणे, पण लढाईच्या दिवसात कोण ऐकतो. म्हणजे बघा, रॉकेलच्या डब्याशेजारी काडेपेटी ठेवून वर गोधडी पांघरावी, अशी बोट 12 एप्रिलला मुंबईच्या पोटात येऊन लागली. एरवी असली बोट बाहेर खोल पाण्यात उभी करून लहान पडावांतून माल उतरवायचे, वर लाल बावटा असायचा. लढाईत ते नियम बासनात. बावटा लावला तर शत्रूला कळेल ना! शत्रूला कळलं नाही, खरंय. शेजारच्या बोटीलाही कळलं नाही.

14 तारखेला दुपारी दोनच्या सुमारास धूर दिसला. आणि मग धक्क्यावर काय चाललं माहितीये? दारूगोळ्याचा जाणकार अधिकारी आला, मालाचा नकाशा बघितला आणि त्याचा चेहरा जो पडला! म्हणाला, बुडवा बोट, आत्ता. गोदीचे मोठे साहेब म्हणाले, छे, बाहेर समुद्रात काढा. इंजीन कुठे धड होतं, खोललेलं. बंबवाल्यांचे साहेब म्हणाले, पाणी मारत राहू. कप्तान बिचारा एकदा याच्याकडे बघतोय, एकदा त्याच्याकडे. पाण्याचे लोटच्या लोट आत गेले आणि जळता कापूस तरंगत वर, दारूगोळ्याच्या जवळ जवळ चालला. बोटीचा पत्रा इतका तापला की रंग सोलून निघायला लागला. या सगळ्यात 'आता हे असंच करा' असं म्हणणारा एक माणूस नाही. तोफा चालवायला माणसं होती हो, निर्णय घ्यायला नव्हतं कुणी.

चार वाजून सहा मिनिटं. पहिला स्फोट. अर्ध्या तासाच्या आत दुसरा. जलपद्म नावाची बोट पाण्यातून उचलून शेडवर पडली, पेटता कापूस गावभर. आमच्या लोकांनी धरलंच, जपानी आले! बंबवाल्यांची 66 माणसं गेली. म्हणून तर 14 एप्रिलला अजून अग्निशमन दिन पाळतात. बाकी हमाल, गोदीतले मजूर, मांडवीच्या बाजूची माणसं... सरकारी आकडा हजाराच्या आतला, पण त्यावर तेव्हाही कुणाचा विश्वास नव्हता.

पुढचं ऐका. सिमल्याच्या भूकंपयंत्रावर धक्का उमटला, पण वर्तमानपत्रवाल्यांनी बाहेर चकार शब्द पाठवायचा नाही! अख्ख्या मुंबईच्या काचा फुटल्यात आणि साहेब म्हणतो शू! सुधीश घटक या कॅमेरामननं फिल्म घेतली होती, तीही लष्करानं ओढून नेली. आणि दुसऱ्याच दिवशी, 15 तारखेला, रेडिओ सायगॉन, म्हणजे जपान्यांचाच हो, सगळं तपशीलवार सांगून मोकळा. ज्याच्यापासून लपवायचं तोच जगाला सांगतोय! इथल्या बातमीदारांना परवानगी मिळाली मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात. तोवर तिकडे विलायतेत बोटीवरच्या खलाशांच्या बायका काय समजून बसल्या असतील, मला तेच येतं मनात.

अहो, सोनं राहिलंच की! विटा उडाल्या त्यातली एक मैलभर लांब एका पारशी बावाच्या घरात, छप्पर फोडून. त्यानं उचलली आणि सरळ परत केली. बघा, असतात माणसं. आमचे हे म्हणाले, मी पण केली असती. मी नुसतं बघितलं त्यांच्याकडे, तर पेपरात तोंड घातलं. बाकीच्या विटा पुढे कित्येक वर्षं गाळ उपसताना सापडत होत्या. आणि त्या बावाला सरकारनं बक्षीस किती दिलं म्हणता? 999 रुपये. वरचा एक रुपया कुठल्या साहेबानं कापला, ते मात्र विचारायचं नाही हं!