सहल अकोल्यात संपली, सबब

मी अमरावतीला राहतो. हा काही गुन्हा नव्हे, पण गेला महिनाभर मी त्याची शिक्षा भोगतोय. बसा, चहा टाकलाय. मित्रांबरोबर लांबच्या सहलीला तुम्हीही कधीतरी गेला असाल. परतीच्या वाटेवर सगळ्यात शेवटचं घर तुमचं येत असेल, तर तुम्हाला फार सांगावं लागणार नाही. तुमचं घर आधी येत असेल, तर तुम्ही विरुद्ध पक्षकार आहात. तरी चहा घ्या, माझ्या मनात आकस नाही.

सहलीच्या सुरुवातीबद्दल माझी काहीच तक्रार नाही. सुरुवातीला सगळेच सज्जन असतात. मालवणला पोचेपर्यंत आमच्या गाडीत 'तू बस समोर', 'नाही नाही, तूच बस' चाललं होतं. खिडकीची काच खाली करायची तरी मागच्याला विचारून. घाट चढून वर आल्यावर हे सौजन्य विरळ व्हायला लागलं आणि छत्रपती संभाजीनगरचा मुक्काम हलला तेव्हा पूर्णपणे संपुष्टात आलं. त्यानंतरच्या, म्हणजे शेवटच्या दिवसांचा हा अहवाल.

आधी पक्षकार. अकोल्याचे तिघं: पाटील, सर आणि बँकेतून निवृत्त झालेला आमचा खजिनदार. बडनेऱ्याचा एक, गुरांचा डॉक्टर. अमरावतीचा मी, आणि गाडी माझी. गाडी माझी याचा अर्थ इतकाच, की काही बिघडलं तर ती माझी. एरवी ती सर्वांची.

सकाळीच पहिला तंटा उभा राहिला. समृद्धी महामार्ग घ्यायचा की जुना रस्ता? मेहकरपर्यंत समृद्धीच सोयीचा, यात दुमत व्हायचं कारण नव्हतं. पण पाटलाचा समृद्धीवर जुना राग आहे. नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटरचा रस्ता, दहा जिल्ह्यांतून जातो, आणि त्या दहांत अकोला नाही. वाशीम आहे, बुलढाणा आहे, अमरावतीसुद्धा आहे. हे 'अमरावतीसुद्धा' म्हणताना तो माझ्याकडे असा बघतो, की रस्त्याची आखणी मीच रात्रीतून बदलून आणली असावी. "ज्या रस्त्याले अकोला ठाऊक नाही, त्याले मी काऊन पैसे देऊ?" असा त्याचा सवाल. गेलो आम्ही समृद्धीनेच. पाटलाच्या वाट्याचा टोल मात्र खजिनदाराच्या डायरीत 'तात्त्विक हरकतीमुळे प्रलंबित' अशा शेऱ्यासह पडून आहे. टोल कापला गेला तो माझ्या फास्टॅगमधून. फास्टॅगला तत्त्वं नसतात.

मेहकरला खाली उतरलो, तर सरांना लोणार आठवलं. आता लोणार आपल्या घरचं. शाळेच्या सहलीत पाहिलं, लग्नानंतर पाहिलं, पाहुणे आले की पाहिलं. उल्का आदळून झालेलं, बसाल्ट खडकातलं ते विवर मे महिन्यात पुन्हा बघण्याइतकं बदललेलं नसतं, असं मी नम्रपणे निदर्शनास आणलं. त्यावर सर म्हणाले, २०२० च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झालंच होतं ना? मुद्दा बिनतोड होता. भर दुपारी काठावर उभं राहून आम्ही पाणी तपासलं. हिरवंच होतं. खाली कोणी उतरलं नाही. फोटो मात्र काढले, आणि सगळ्या फोटोंत माझे डोळे मिटलेले आहेत, कारण उन्हाकडे तोंड करून मला उभं केलं होतं.

आता मुख्य मुद्देमालाकडे येतो. खजिनदाराने मालवणच्या बाजारातून सुकट, सोडे आणि बोंबील घेतले होते. पावसाळ्याआधी घ्यायची ती वस्तू, घेतली याला आक्षेप नाही. वर्तमानपत्राचे थर, त्यावर प्लास्टिकची पिशवी, तिच्यावर आणखी एक पिशवी, आणि वर सुतळीची गाठ, असं ते बोचकं माझ्या सीटच्या बरोबर मागे ठेवलेलं. डिकीत का नाही? तर डिकीत तापतं. कोकणात ह्या बोचक्याचं अस्तित्व कुणाला जाणवलंही नव्हतं, तिथे सगळ्या हवेलाच तो वास आहे. पण घाटावर आलो तसं ते बोलायला लागलं, आणि बुलढाणा जिल्ह्याच्या हद्दीत शिरल्यावर गाडीत दुसऱ्या कुणाला बोलू देईना. सर माळकरी. ते घाटापासून नाकाला रुमाल लावून बसले होते आणि रुमालाआडूनच सगळी मतं मांडत होते. काच उघडली की पाटलाला उष्मा होई, एसी लावला की डॉक्टरचा घसा धरे. त्यामुळे एसी लावून काच अर्धी उघडी, असा तोडगा निघाला. डिझेल कुणाचं गेलं ते पुढे येईलच.

अशा अवस्थेत आम्ही शेगावला पोचलो. सुकट घेऊन गजानन महाराजांच्या दारात कसं जायचं, असा प्रश्न सरांनी उपस्थित केला. प्रश्न गंभीर होता, पण उत्तर कोणाकडेच नव्हतं, म्हणून गाडी लांबच्या टोकाला झाडाखाली लावून आम्ही चालत गेलो. दर्शन उत्तम झालं. शेगावची शिस्त मी काय सांगावी! एवढ्या गर्दीत सेवेकरी न बोलता, हाताच्या नुसत्या इशाऱ्याने लोक हलवतात. हजारोंच्या चपला घेतात, बिल्ला देतात, परत येताना बरोब्बर तीच जोडी समोर ठेवतात. संस्थानने माझ्या चपला मला सुखरूप परत केल्या, याची इथे कृतज्ञतापूर्वक नोंद करतो. घोटाळा त्यानंतर झाला, दुसऱ्या दिवशी सकाळी मुक्कामाच्या खोलीबाहेर. पाटील माझ्या चपला घालून गाडीत बसला. मी सांगितलं तर म्हणाला, "चालून राह्यलं ना, आता अकोला काय, आलंच." माझ्या पायात त्याच्या आल्या, पुढून बंद आणि टाचेला कमी. क्लच दाबताना टाच बाहेर.

निघताना कचोऱ्या घेतल्या. एकत्र घेऊन वाटून घ्याव्यात, ही माझी सूचना विचारार्थही स्वीकारली गेली नाही. प्रत्येकाने आपापला स्वतंत्र डबा बांधून घेतला, शिवाय शेजाऱ्यांसाठी एकेक. गरम कचोऱ्यांचे डबे आणि कालपासून तापलेली सुकट यांचा बंद गाडीत जो संयुक्त वास झाला, त्याला मराठीत अजून नाव नाही.

अकोल्यात अकरा वाजता शिरलो. अकोल्याच्या मे महिन्याबद्दल काय सांगायचं! पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसच्या खाली आला तर इथले लोक 'आज बरं आहे' म्हणतात. पाटलाचं घर पहिलं. बॅगा उतरवल्या, मी गाडी चालूच ठेवली होती. "दोन मिनिटं आत तं ये," पाटील म्हणाला. ह्या दोन मिनिटांच्या व्याख्येसाठी वऱ्हाडात एखादा शासन निर्णय निघायला हवा. आत त्याची आई. "बाप्पा! इतल्या उन्हाचे आले अन् जेवल्याबिगर जाता काय? बस ना बाप्पा जराक." माउलीपुढे कुणाचं काय चालणार? पाटील तेवढ्यात गायब. मी पाहुण्यांच्या खुर्चीवर, घामट सदऱ्यात, पुढ्यात पन्ह्याचा ग्लास. पंधरा मिनिटांनी पाटील आला तो आंघोळ करून, बनियन-पायजम्यावर, केसांना तेल लावून. कूलरच्या थेट समोर पाय पसरून बसला. वाळ्याच्या टट्ट्यांतून येणारा तो गार वारा त्याच्यावरून जाऊन मग माझ्याकडे कोमट होऊन येत होता. आणि त्या आसनावरून त्याने मला विचारलं, "तुले अजून कितीक वेळ लागन बे अमरावतीले?"

हा प्रश्न मी रात्री झोपेतही ऐकतो.

जेवण झालं. पोळी, आलूची रस्सा भाजी, ठेचा, वर आमरस. मग खजिनदाराच्या घरी. "पाटलाकडे जेवले अन् आमच्याकडे नाही?" या न्यायाने तिथे पुन्हा. मग सरांकडे, तिथे आग्रह पोह्यांवर मिटला, कारण सर मुळातच मितभाषी. डॉक्टरने तिन्ही घरी सारख्याच निष्ठेने खाल्लं. त्याला गाडी चालवायची नव्हती.

सरांच्या ओसरीवर खजिनदाराने डायरी उघडली. हिशेब चोख होता, मी नाकारत नाही. मुक्काम, जेवण, टोल, 'किरकोळ', आणि ज्याचा उलगडा आजवर झाला नाही असं 'संकीर्ण'. शेवटी इंधन. इंधनाच्या रकान्याखाली त्याने रेघ मारली आणि वाचून दाखवलं: सहल अकोल्यात सुरू झाली, अकोल्यात संपली, सबब अकोला ते अमरावती हा गाडीमालकाचा खाजगी प्रवास समजण्यात यावा.

मी म्हणालो, गाडी अमरावतीहून आली, तुम्हाला घ्यायला. रिकामी. सर म्हणाले, "ते सहलपूर्व." मी म्हणालो, निदान परतीचं? पाटील म्हणाला, "तू परत जाशीन आपल्या घरी. आम्ही तं घरीच आहो." प्रस्ताव मताला टाकला. तीन बाजूने, मी विरुद्ध. डॉक्टर तटस्थ राहिला, कारण त्याला बडनेऱ्यापर्यंत फुकट यायचं होतं आणि मत देऊन तो वाहनचालकाला किंवा बहुमताला दुखावू इच्छित नव्हता.

या अन्यायाची मुळं खोल आहेत. १८५३ साली वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांकडे आलं. पुढे त्यांनी त्याचं पूर्व वऱ्हाड आणि पश्चिम वऱ्हाड केलं. पूर्वेचं ठाणं अमरावती, पश्चिमेचं अकोला. तेव्हापासून अकोल्याच्या माणसाला असं वाटत आलंय की जग पश्चिमेकडून येतं आणि अकोल्याला येऊन थांबतं. आज अमरावती विभागाच्या पाच जिल्ह्यांत अकोलाही मोडतो आणि विभागीय आयुक्त बसतात ते आमच्या गावात. म्हणजे अपील करायचं तर मला सोयीचं आहे. पण अपिलाचा मसुदा सरांकडून तपासून घ्यावा लागेल, शुद्धलेखन त्यांचंच बरं आहे.

तर राहिलो आम्ही दोघं, डॉक्टर आणि मी, आणि तो रस्ता. राष्ट्रीय महामार्ग ५३, जुन्या लोकांचा सहा नंबर. हा साधा रस्ता नव्हे. अमरावती-अकोला दरम्यान ३ जून २०२२ च्या सकाळी ७ वाजून २७ मिनिटांनी डांबरीकरणाला सुरुवात झाली आणि ७ जूनच्या संध्याकाळी ५ वाजता ७५ किलोमीटरची सलग लेन तयार होती. १०५ तास ३३ मिनिटं, ७२० माणसं, दिवसरात्र. गिनीज बुकात नोंद झाली. आधीचा विक्रम कतारमधल्या दोहाचा, २५ किलोमीटरहून थोडा जास्त, २०१९ चा, आणि त्याला दहा दिवस लागले होते. सरांपुढे हा विषय काढला की ते लगेच म्हणतात, ही एका लेनची लांबी, दुपदरी धरली तर साडेसदतीस. माणसाला आनंद होऊ द्यायचा नाही, हे सरांचं ब्रीद.

ती ७२० माणसं भर जूनच्या सुरुवातीला, उकळत्या डांबरासमोर उभी होती आणि तरी ठरल्या वेळी पोचली. त्यांच्यात आमचा डॉक्टर नव्हता, हे उघड आहे. बोरगाव मंजू गेलं तेव्हा तो झोपला. समोरच्या सीटवर बसून झोपणं हा शिस्तभंग आहे, त्या सीटला कर्तव्यं असतात. घोरत होता तोवरही ठीक होतं. मूर्तिजापूरला नेमका जागा झाला, "चाह्य घेऊ," म्हणाला. चहा घेता घेता त्याला शकुंतला आठवली. यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर, १८९ किलोमीटरची ती छोटी गाडी, १९९४ पर्यंत वाफेच्या इंजिनावर चालायची. बंद पडली याचं दुःख मलाही आहे, पण ते दुःख उभ्याने, टाच बाहेर आलेल्या चपलेत, दुसरा कप मागवून ऐकायचं म्हणजे काय ते मलाच ठाऊक. तिची गती किती संथ होती याचं वर्णन तो ज्या गतीने करत होता, त्यात ती अचलपूरला पोचून परत आली असती. विक्रमी वेगाने झालेल्या रस्त्यावरून जायला आम्हाला अंधार पडला.

बडनेऱ्याला डॉक्टर उतरला. बॅग घेतली, कचोरीचे दोन्ही डबे घेतले, माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "आता काय, आलंच तुझं." अकोल्यापासून मी याचीच वाट बघत होतो. समोर आणखी दहाएक किलोमीटर, गाडीत पाण्याच्या रिकाम्या बाटल्या, शेंगांची टरफलं, मोबाइलची कुणाचीतरी चार्जिंग वायर आणि कोकमाच्या सांडलेल्या सरबताचा डाग. माझ्या कचोऱ्यांचा डबा नव्हता. तो पाटलाच्या बॅगांबरोबर उतरला असावा, असा प्राथमिक अंदाज आहे.

घरी पोचलो. बायकोने दार उघडलं, हसली, एक पाऊल पुढे आली आणि थबकली. "गाडीत काय मेलंय?" एवढंच विचारलं. टॉर्च घेऊन गाडीत पाहिलं तर माझ्या सीटमागे, सुतळीच्या गाठीसकट, सुकटीचं बोचकं.

खजिनदाराला फोन केला. त्यालाही नुकतंच आठवलं होतं. "फ्रीजमंधी नोको ठेवू, नरम पडते," त्याने सूचना दिली. "गॅलरीत टांग. अन् रविवारी आणून दे ना. आता रस्ता तं वर्ल्ड रेकॉर्ड आहे, दीड घंट्यात येशीन. पाटील तुह्या चपलाही आणून ठेवन माह्या घरी."

मी डिझेलचं विचारलं. पलीकडे डायरीची पानं उलटल्याचा आवाज आला, मग सरांशी काहीतरी बोलणं झालेलं ऐकू आलं. फोनवर परत आला तेव्हा आवाज अगदी शासकीय होता.

"सहलीचं खातं बंद झालं आहे. हे सहलोत्तर."