नळीतले अण्णा

मालवणच्या धक्क्यावरून स्नॉर्केलिंगला सुटणाऱ्या प्रत्येक होडीत एक अण्णा असतातच. बँकेतून निवृत्त, मिशा भरघोस, बोलणं अखंड. होडी सुटायच्या आत सगळ्यांना कळलेलं असतं की सिंधुदुर्गाच्या बांधकामाला सुरुवात १६६४ला झाली आणि इथलं सागरी अभयारण्य १९८७चं. मग किल्ल्याच्या आडोशाचं संथ पाणी बघून निकाल देतात, "हा तर हौद आहे!"

"आडोसो खडकापुरतो," गाईड म्हणतो. "त्येच्या भायर पाण्याक ओढ आसा."

लाइफ जॅकेटचा पट्टा अण्णा पोटामुळे सैल ठेवतात. गाईड न बोलता तो आवळतो. काचेवर वाफ धरू नये म्हणून मास्कमध्ये थुंकून विसळायचं असतं. एरवी बसच्या खिडकीतून बिनदिक्कत पिंक टाकणाऱ्या अण्णांना हे मात्र असभ्य वाटतं. पुढची अडचण मिशांची. रबराची कड केसांवर नीट बसत नाही, त्या फटीतून पाणी शिरतं. मग व्हॅसलीन येतं. ते चोपडलेल्या मिशा उन्हात अशा चकाकतात की काकू तोंड फिरवून हसतात.

खरी पंचाईत नळीची. ती दातांत धरायची, ओठ मिटायचे, तोंडानेच सावकाश श्वास घ्यायचा. म्हणजे बोलायचं नाही! अण्णांना कोणी सांगितलेली ही बहुधा पहिलीच अशी अट. तरी पट्टेरी माशांचा थवा दिसताच पाण्याखालून "भॉब भॉब" ऐकू येतं. काकूंना मासे दाखवायला ओठ सुटतात, घोटभर खारं पाणी आत जातं आणि अण्णा उभे राहायला पाय खाली सोडतात. खाली प्रवाळ, कपारीत समुद्री साळूचे काटे. पाय पडला तर दोघांचंही नुकसान.

"पाय वर! उताणे व्हा, अण्णानू, उताणे!"

उताणं झाल्यावर जॅकेट आपलं काम करतं. अण्णा आभाळाकडे बघत खोकतात, गाईड त्यांच्या दंडाला धरून राहतो. एवढ्या वेळात पलीकडे हात-पाय सैल सोडून तरंगणाऱ्या काकू वाळूतून सरकणारा पाकट मासा अगदी शेपटापर्यंत बघून घेतात. सांगत मात्र नाहीत.

धक्क्यावर उतरताच अण्णा पुढच्या होडीला गाठतात. "मुख्य गोष्ट काय, पाण्यात तोंड उघडायचं नाही," असं सुरू होतं ते थांबतच नाही. त्या होडीतली माणसं जॅकेटं घालून घामाघूम झालेली, आणि तांडेल ओहोटीकडे बघत इंजिनाची दोरी ओढतो. दोनदा. मुद्दाम जोरात.