पाऊस हवा, पण बेतानं

वळवाच्या पावसाचं कौतुक करायचं तर आपलं काही पेरलेलं नसावं. साताऱ्यात मेमधल्या उकाड्याच्या दुपारी अजिंक्यताऱ्यावर ढग जमायला लागले, की ज्यांचं उघड्यावर काही नाही ती मंडळी गच्चीत जाऊन कांदाभजीचा विषय काढतात. ज्यानं बंगल्यापुढं लॉनचं बी टाकलंय, तो मात्र त्याच ढगाकडं वसुलीला आलेल्या माणसाकडं बघावं तसा बघतो.

आमच्या ओळखीतले महसूल खात्यातले एक निवृत्त साहेब सध्या या दुसऱ्या गटात आहेत. हे बी मोहरीहून बारीक. वर चिमूटभर माती, एवढाच काय तो आडोसा. वळवाचा टपोरा थेंब त्यावर आदळला की ढेकळं फुटतात, माती चोपून बसते आणि दुसऱ्या दिवशी ऊन पडलं की तिची पापडी धरते. कोंबाला ती फोडता येत नाही. उरलेलं बी पाण्याबरोबर उताराला लागतं. मग गवत उगवतं ते फाटकाशी दाट, आणि मधोमध टक्कल.

साहेबांनी ताडपत्री अंथरली. तिच्यावर तळं साचलं, खाली वाफ कोंडली. शेवटी बागेत कामाला येणारे मामा म्हणाले, "सायेब, त्याला पांघरून नगं, पाचट टाका." उसाचं पाचट बारीक करून, खालची माती दिसत राहील इतकं विरळ पसरलं. थेंब पाचटावर फुटतो, पाणी हळूहळू झिरपतं, वारंही खेळतं. वरच्या अंगाला एक चर काढला, म्हणजे रस्त्यावरचं पाणी परस्पर बाहेर जाईल. साखर कारखान्यांच्या मुलखात हा उपाय फुकटात पडला.

बी मात्र फुकटातलं नव्हतं. पाकिटावर 'बर्म्युडा' छापलं होतं. मामांनी ते निरखून पाहिलं आणि "ही तर हरळी!" म्हणून कपाळावर हात मारला. त्यांचा जन्म हरळी खणून बांधावर फेकण्यात गेलेला. ती पुरातही मरत नाही आणि दुष्काळातही. पैसे मोजून आणल्यावर मात्र तिची प्रकृती एकदम नाजूक होते.

साहेबांचा चुलतभाव सांगली जिल्ह्यात शिराळ्याला असतो, तिथली रीत उलटी. तिथं रोहिणीच्या आगेमागे कोरड्या मातीत कुरीनं भात पेरतात. धूळवाफ पेरणी म्हणतात तिला. बी धुळीत पडून पावसाची वाट बघतं. पण पाऊस आधीच उतरला तर धूळ कुठली आणायची? 2025 मध्ये मॉन्सून 26 मे रोजीच मुंबईत पोहोचला होता. चिखलात कुरी चालत नाही, वाफशाची वाट बघावी लागते. म्हणजे ज्या पावसाच्या भरवशावर पेरायचं, तोच पेरू देत नाही.

या दोन जिल्ह्यांत पावसाला बेत म्हणून माहीत नाही. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर कोसळतो आणि त्याच जिल्ह्यातल्या माणला पाचशेच्या आसपास आटोपतो. सांगलीकर तर पावसाळ्यात पाणी फुटांत मोजतात. आयर्विन पुलापाशी 45 फूट ही धोक्याची पातळी, 2019 च्या ऑगस्टमध्ये ते 57 च्या वर गेलं. अशा आभाळाकडं दोन गुंठ्यांपुरती रिमझिम मागायची म्हणजे साहेबांच्या हिमतीला दाद द्यायला हवी.

नोकरीत असताना पीक-पाण्याचे अहवाल त्यांच्या सहीनं पुढं जात. 'अवेळी पावसाने पेरणी बाधित' ही ओळ त्यांनी कितीदा तरी लिहिली असेल. शिराळ्याच्या चुलतभावाचा फोन आला की "काय म्हणतंय पीकपाणी?" एवढं विचारून ते मोकळे होत. आता "वाफसा आला का?" असं नेमकं विचारतात, आणि भावाचं सगळं सांगून होईपर्यंत फोन ठेवत नाहीत.