टपरवेअरचं काय झालं वो?

"ते टपरवेअर बुडालं म्हणं," काकू भिंतीपलीकडनं म्हणाल्या. पदर खोचलेला आणि हातात शेंगा चटणीचा डबा, म्हणजे बोलणं लांबणार.

"बुडालं तेव्हाच, काकू. 17 सप्टेंबर 2024 ला अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज दिला. 80 कोटी डॉलरच्या वर देणं होतं."

"डॉलरात व्हय? मग त्याचं रुपयं करून सांगू नगंस, दुपारचं जेवण जायचं न्हाय."

माढ्यात कुणाची म्हैस व्याली तरी काकूंना आधी कळतं. ही बातमी आपल्याला इतक्या उशिरा मिळावी, याचा त्यांना कंपनी बुडाल्यापेक्षा जास्त राग आला होता. तेवढ्यात पलीकडच्या वहिनी काकूंच्या झाडाचा कढीपत्ता न्यायला आल्या. या वहिनींनी मधली काही वर्षं भिशीच्या बायकांत टपरवेअर विकलं होतं. काकूंनी त्यांना दुःखाला आल्यासारखं विचारलं, "तुजं पैसं तर अडाकलं न्हाईत ना गं?"

"माझे कसले अडकतात! मी आधी ऑर्डर घ्यायची, पैसे गोळा करायचे, मगच माल आणायचा."

"शानी हायस. पर हे डबं काढलं कुणी पयल्यांदा?"

मग मी सांगायला बसले. अर्ल टपर नावाचा एक खटपट्या माणूस, काही दिवस ड्यूपाँट कंपनीत होता. तेलशुद्धीकरणातून उरलेला काळाकुट्ट गाळ त्याला तिथं मिळाला. तो साफ करून त्यानं मऊ, न फुटणारं प्लास्टिक केलं आणि 1946 मध्ये डबे बाजारात आणले. झाकण सुचलं ते रंगाच्या डब्यावरून. माल झकास होता, पण दुकानांत धूळ खात पडला. कारण गिऱ्हाइकाला ते झाकण लावताच येईना.

"न्हाईच येत," वहिनी म्हणाल्या, आणि काकूंच्या हातातला चटणीचा डबा सरळ काढून घेतला. "हे बघा. झाकण कडेनं बसवत आणायचं. मग मधोमध अंगठा दाबायचा आणि ही कडेची जीभ आहे ना, ती किंचित उचलायची." डब्यानं फुस्स करून हवा सोडली. "आता सोडा जीभ. झाली ढेकर. कडक भाकरी भरून ठेवा, आषाढातसुद्धा मऊ पडायची नाही. मी पाणी भरून डबा उलटा धरायचे, तोही यजमानीणबाईंच्या नव्या साडीवर. बायका किंचाळायच्या. थेंब गळाला नाही की लगेच वह्या निघायच्या."

हीच युक्ती तिकडं एका बाईनं बसवली होती. ब्राउनी वाइज तिचं नाव. नवऱ्यापासून विभक्त, पदरी एक मुलगा, घरोघरी साफसफाईच्या वस्तू विकून पोट भरणारी. भरलेला डबा ती खोलीभर या हातातून त्या हातात फेकून दाखवायची. एका घरात शेजारणी जमवायच्या, चहापाणी करायचं, डबे दाखवायचे. जिच्या घरी जमायचं तिला भेटवस्तू. तिचा खप पाहून टपरनं 1951 मध्ये माल दुकानांतून काढूनच घेतला आणि सगळी विक्री तिच्या हाती दिली.

"फ्लोरिडात वर्षाला मेळावा भरवायची. 1954 च्या मेळाव्यात तिनं जमिनीत बक्षिसं पुरून ठेवली. बायकांच्या हातात फावडी दिली आणि म्हणाली, खणा."

"आन काय निघालं?"

"दागिने, फरचे कोट. कुणाला खेळण्यातली मोटार सापडली तर तिला खरी मोटार."

काकूंनी आपल्या परसाकडं एकवार पाहून घेतलं.

"त्याच वर्षी 'बिझनेस वीक' मासिकाच्या मुखपृष्ठावर तिचा फोटो आला. तिथं आलेली ती पहिली बाई. आणि 1958 मध्ये टपरनं तिला काढून टाकलं."

"आँ? कशापायी?"

"मुलाखती तिच्या, फोटो तिचे. मालकाला ते सोसेना. तिच्या नावावर कंपनीचा एक शेअर नव्हता. वर्षभराचा पगार देऊन वाटेला लावलं. आणि त्याच वर्षी त्यानं कंपनी रेक्सॉलला 1 कोटी 60 लाख डॉलरला विकली. बायकोपासून घटस्फोट घेतला, मध्य अमेरिकेत एक बेट विकत घेतलं, नागरिकत्वसुद्धा सोडलं. 1983 मध्ये कोस्टा रिकात वारला."

"म्हंजी डबं इकलं बाईनं आन बेट घेतलं बाप्यानं," काकू म्हणाल्या. एरवी कुणाच्याही संसाराचा निकाल लावायला त्यांना अर्धी दुपार लागते, ह्याचा एका वाक्यात लावला. मला वाटतं, टपरवेअरवर जाडजाड पुस्तकं लिहिणाऱ्यांनाही याहून वेगळं काही सापडलं नसावं.

वहिनी मात्र गप्प झाल्या होत्या. मग म्हणाल्या, "आमच्याकडं 1996 ला आलं ना ते भारतात, तेव्हा विक्रीला फक्त बायकाच घ्यायचे. मला ते फार बरं वाटायचं. घरातनं 'कुठं चाललीस' विचारलं की सांगायचं, मीटिंगला. एरवी माढ्यात बाईला कसली मीटिंग? माहेर, दवाखाना आणि माढेश्वरीचं देऊळ, एवढंच."

"डब्याचं कवतिक तुमच्या येळंचं," काकूंनी मधेच आपलं घोडं दामटलं. "आमच्यात डबा इकत कोण घेत व्हतं? डालडा संपला की डबा आपला."

हे खरंच आहे. डालडा 1937 मध्ये आला, मुंबईला शिवडीत कारखाना. पुढं 2003 मध्ये हिंदुस्थान लिव्हरनं तो बुंगे कंपनीला विकूनही टाकला, पण पिवळ्या डब्यावरचं ते झाड घराघरात राहिलं. काकूंच्या सासूबाई त्यात डाळी ठेवायच्या, गळका झाला की तुळस लावायच्या. "आन एक डबा पहाटं रानाकडं जायचा, त्याचं सांगत न्हाय," म्हणून काकू स्वतःच हसल्या. मग स्टील आलं. कुर्डुवाडीहून बार्शी लाइटच्या छोट्या गाडीनं बार्शीला जायचं, डबे घ्यायचे, भांड्यांच्या दुकानातच त्यावर ठिपक्याठिपक्यांनी नाव घालून घ्यायचं. शेजारी गेलेला डबा त्या नावामुळं परत यायचा. आणि रिकामा यायचा नाही.

"मग बुडालं कशानं?" काकू मुद्द्यावर आल्या. "मी सांगू? मोडतच न्हाय तर दुसरा घ्यायचा कशाला? माज्या सुनेकडं लग्नातला हाय, पोरगं धाव्वीला गेलं."

त्यात तथ्य आहे, पण तेवढंच नाही. झाकणाचं पेटंट केव्हाच संपलं आणि तसले डबे जो तो काढायला लागला. अमेरिकेत बायका नोकरीला लागल्या, दुपारच्या बैठका विरळ झाल्या. तरी कंपनी बरीच वर्षं त्यांच्याच भरवशावर बसली. तिकडच्या टार्गेट नावाच्या मोठ्या दुकानसाखळीत माल पोचला तो 2022 मध्ये. कोरोनात सगळी घरी रांधायला लागली तेव्हा जरा धुगधुगी आली, ती टिकली नाही. एप्रिल 2023 मध्ये कंपनीनं आपणच जाहीर केलं की पुढं चालू शकू याची खात्री नाही. एका दिवसात शेअर जवळपास निम्म्यावर.

"आपल्याकडं वाणानं मारलं," वहिनी म्हणाल्या. "संक्रांतीला आधी हळदीकुंकवाची डबी, गाळणी, असलं काहीतरी लुटायच्या. मग सगळ्यांनी प्लास्टिकचे डबे लुटायला सुरुवात केली. दहा घरं फिरलं की फडताळ भरलं. त्यात हळद ठेवली की डबा जन्माचा पिवळा, पण फुकटच्याला कोण नावं ठेवतं? मी डब्याची किंमत सांगितली की बायका म्हणायच्या, बघू पुढच्या भिशीला. पुढं काचेचे आले, चार बाजूंनी कड्या लावायचे. मोबाईलवर बोट दाबलं की दारात."

"भिशी तिकडं बी हाय का गं?"

अमेरिकेत नाही, पण इंडोनेशियात आहे. तिला तिथं अरिसान म्हणतात. बायका पैसे घालतात, चिठ्ठी निघते, खाणं होतं, चहाड्या होतात. सगळं आपल्यासारखं. त्या अरिसानमध्ये डबे असे खपले की 2013 च्या सुमारास टपरवेअरची जगातली सगळ्यात मोठी बाजारपेठ इंडोनेशिया होती, अमेरिका नव्हे. तिथला धंदा 31 जानेवारी 2025 ला बंद झाला.

"आन कंपनी आता कुणाकडं?"

"ज्यांचं कर्ज होतं त्यांच्याकडंच. 2 कोटी 35 लाख डॉलर रोख आणि 6 कोटींच्या वर कर्जात वळते."

"म्हंजी सातबाऱ्यावर बोजा चढवला त्यानंच रान घेतलं." काकूंनी बोटांवर हिशोब केला. "आन त्या बेटवाल्यानं इकली ती 1 कोटी 60 लाखाला? कवा? 58 साली? तवाचं सोनं काय भाव व्हतं! बरूबर येळंला इकली गं त्यानं."

"पण मिळतं अजून," मी म्हटलं. "नव्या मालकांनी ज्या देशांवर भर द्यायचं ठरवलं, त्यांत भारत आहे."

"मिळू दे. तू परत इकणार का गं?"

वहिनी नाही म्हणाल्या. त्यांच्या बचत गटानं आता कडक भाकरी आणि शेंगा चटणीची पाकिटं करायला घेतली आहेत, पुण्याला पाठवायला. लेबल छापायचं आहे, पण नाव काय द्यावं यावर घरात चर्चा चालू आहे. नवरा म्हणतो आईचं द्यावं, दीर म्हणतो गावाचं.

"कष्ट कोन करतंय?" काकूंनी विचारलं.

"मी आणि गटातल्या बायका."

"मग गटाचं टाक. खाली लायसन बी तुमच्याच नावानं काढा. दिराला म्हणावं, तू ट्रान्सपोर्ट बघ."

वहिनींनी मान डोलावली. काकूंनी आपला डबा परत घेतला, झाकण दोनदा दाबून पाहिलं आणि पहिली 10 पाकिटं तिथल्या तिथं उधार सांगितली.