बाल्कनीतला कारखाना

पुण्या-ठाण्याच्या फ्लॅटांत हल्ली बाल्कनीतल्या कुंड्या उचलून सुतारकामाचं टेबल मांडतात. टेबल अर्थातच विकतचं. आधी हत्यारं, मग लाकूड, आणि जमलंच तर वस्तू, असा या छंदाचा क्रम.

ड्रिलपाठोपाठ जिगसॉ येतो, मग राऊटर. मिनिटाला 25-30 हजार फेरे घेणाऱ्या या यंत्रानं साहेब काय करतात, तर किल्ल्या अडकवायच्या फळीची कड गोल करतात. खालच्या मजल्यावरच्या आजोबांची वामकुक्षी हा त्यातला कच्चा माल.

पटाशीला मात्र कुणी विचारत नाही. ती पाकिटातूनच धारदार निघते, असा गोड समज आहे. खरं तर आधी तिची पाठ दगडावर घासून सपाट करायची, मग उतार साधारण 25 अंशांचा आणि अगदी टोकाशी 30 चा. हातावरचे केस निघाले की धार आली. इतका वेळ कुणाला? मग बोथट पटाशीवर जोर लावायचा. ती लाकूड सोडून सटकते आणि समोर धरलेल्या डाव्या हाताची चौकशी करते. (सुतार दोन्ही हात पात्याच्या मागे ठेवतो. पण त्याच्याकडे हातमोजे, गॉगल आणि चॅनल नसतं.) रेषांच्या उलट रंधा मारून टवके उडाले, की दोष सागवानाचा.

पावसाळ्यात दार फुगतं, तेव्हा सुतारच येतो. पिशवीतून रंधा काढून दोन हात मारतो, दार मोकळं. जाताना भिंतीभर टांगलेल्या हत्यारांकडे बघून अदबीनं विचारतो, "साहेब, दुकान टाकताय का?"